मिठानं नासलेली चांदी

बैलगाडी आमच्या बोळात शिरली तवा मी पोरीला पाजवत उंबऱ्यात बसलोतो. गाडीवरचा माल बघितला आन् मला वाटलं आता आपलं घर उडतंय. हिरव्या लोखंडी पेट्या, त्येंच्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, तारा लोंबकळत्यात, आन् एका फुटक्या पेटीतनं काचंच्या बाटल्या भायेर बघत हुत्या, अंगठ्याएवढ्या, आत कायतरी चंदेरी चमकतंय. बॉम्ब असाच असतो असं मला कुनी सांगितलं नव्हतं, पन असा नसतो असं बी कुनी सांगितलं नव्हतं. मी पोरीला तशीच छातीला धरली आन् शेजारच्या घरात पळालो.

गाडीच्या म्होरं आमचे हे चालत हुते. अंगाला घाम, तोंडावर हसू, जनू गावात पालखीच आनलीया. बोळातल्या बाया दारात आल्या. आमच्या आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या ऱ्हायल्या आन् सगळ्यांनी ऐकावं अशा आवाजात म्हनाल्या, "लढाई सपून चार वर्सं झाली, आन् माझा ल्योक आता तिला घरला घिऊन आलाय."

सगळा बोळ हसला. हे बी हसले. मी शेजारच्या खिडकीतनं बघत हुतो, मला काय हसू आलं न्हाय.

हे मी माझ्या पोरीच्या जुन्या वहीत लिवतोय, पाठकोऱ्या पानांवर. ती आता तिसरीत हाय. मी सवता चौथीत साळा सोडली. तिथल्या बाई मला सारख्या टोकायच्या, 'आले' म्हन, 'आलो' म्हनू नगंस, तू पोरगी हाइस. पन आमच्याकडं बाया बी आलो-गेलोच म्हनत्यात, मग मी बी तसंच लिवतोय. ते पंधरा-वीस दीस आठवलं की अजून माझ्या छातीत धडधडतं. भ्यानं न्हवं, आनंदानं. म्हंजे भ्यानं बी.

आमचा धंदा आदी सांगाय पायजे. आमच्या घरात तीन पिढ्या माती धुत्यात. गुजरीतल्या सोनारांच्या दुकानातला केर, शेगडीची राख, बसायची जुनी चटई सुदीक, सगळं इकत घ्यायचं, मंगळवार पेठंत घरला आनायचं, जाळायचं, चाळायचं, परातीत पान्यानं धुवायचं. माती वरनं वाहून जाती, सोन्या-चांदीचं कण तळाला ऱ्हात्यात, ते मुशीत वितळवायचं. मामंजी, माझे सासरे, वारल्यावर आत्याबाईंनी हे एकटीनं केलं. परात त्यांच्या हातात अशी फिरायची की बघत ऱ्हावं. आन् घरचा नेम एकच, धुतल्याबिगर काय बी टाकायचं न्हाय. चुलीतली राख बी आमी धुवून टाकतो, सवयच तशी.

माझं लग्न झालं तवा मी चौदा-पंधराची. लग्नाला नऊ दीस झाले न्हाईत तवर हे पलटनीत गेले. तीन वर्सं मी आत्याबाईंच्या हाताखाली काढली, नवऱ्याचं तोंड डोळ्यांम्होरं आनायचं म्हनलं तर येत नव्हतं. मग लढाई सपली, हे आले, पोरगी झाली. मला वाटलं, आता झालं, आता मानूस घरात ऱ्हायला. पन केराचा धंदा पडलाता. सोनार आता आपला केर आपनच जाळाय लागलेले. आत्याबाईंचा भाऊ कबनूरला हाय, त्येचे चार माग. त्यानं सांगावा धाडला, भाच्याला पाठवा, मागावर घालतो, हितंच खाईल, हितंच निजंल, म्हैन्यातनं एकदा घरला यील. बाईमानसाला तितं जागा न्हाय.

ह्यांचं म्हननं येगळं हुतं. पलटनीत ह्यांना बिनतारी यंत्राच्या गाडीवर काम हुतं, यंत्र पुसायचं, खोलायचं, परत बसवायचं. तितं त्यांनी बघितलेलं की यंत्रात जितं जितं एक पट्टी दुसरीला टेकती तितं टोकाला चांदीचा टिकला असतो. लढाई सपल्यावर सरकारनं तो सगळा माल लिलावात काढला, डिस्पोजलचा माल म्हनत्यात त्येला, आन् हातकणंगल्याच्या स्टेशनाजवळच्या एका भंगारवाल्याच्या वखारीत तो लोखंडाच्या भावानं पडलाता. लोखंडाच्या भावानं चांदी! ह्यांना रात-दीस दुसरं सुचंना.

आत्याबाईंनी निकाल दिला. पंधरा दीस. पंधरा दिसात ह्या डबड्यांतनं चांदी निघाली तर ऱ्हा. न्हाय निघाली तर सोमवारच्या मोटारीनं कबनूर.

मला चांदीचं काय न्हवतं. मला एवढंच कळत हुतं की ह्यो मानूस पुन्यांदा जायला नगं.

तर दुसऱ्या दिशी सकाळपासनं फोडाफोडी सुरू झाली. हे पलटनीतल्यासारखं पेटीम्होरं मांडी घालून बसायचे, पेचकस घ्यायचे, आन् आतलं सगळं उचकटून माझ्याकडं सारायचे. पोरगी झोळीत, झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. पहिले दोन दीस मी चिमट्यानं लांबनं धरत हुतो. काचंच्या बाटल्या बॉम्ब न्हाईत, ते यंत्राचे दिवे हाईत, हे ह्यांनी मला धा येळा सांगितलं, तरी एक हातातनं पडून फट्दिशी फुटली आन् मी अंगनात जाऊन उभा ऱ्हायलो. आत्याबाई म्हनाल्या, पोरी, बॉम्ब असता तर तू अंगनात गेली नसतीस, अंगनच तुझ्याकडं आलं असतं.

पन तिसऱ्या दिशी काय झालं कुनास ठावं, मला दिसायला लागलं. पितळंची पट्टी असती, तिच्या टोकाला तुरीच्या डाळीएवढा टिकला, वरनं काळा. तांबं हिरवं पडतं, लोखंड तांबडं पडतं, काळी पडती ती चांदी. नखानं खरवडलं की खालनं पांढरी लखलख निघायची. दर येळंला माझ्या अंगावर काटा यायचा. जाड तारंचं एक येटोळं निघालं, काळं कुळकुळीत, हे म्हनाले टाक तिकडं, म्या खरवडलं तर वर चांदीचा मुलामा. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, असं तर त्यांनी लग्नात बी बघितलं नव्हतं. मग मीच सांगायला लागलो ह्यांना, ती पेटी आदी खोला, तिच्यात पट्ट्या जास्ती हाईत. ब्याटऱ्या निघायच्या, फुगलेल्या, घान सुटलेल्या, त्या आमी कोपऱ्यात फेकायचो. टिकलं कातरून मी एका वाडग्यात टाकायचो आन् येता-जाता वाडगं हलवून आवाज ऐकायचो.

बाराव्या दिशी वाडगं भरलं. हे म्हनाले, धा-बारा तोळं तरी निघंल, आन् ह्या तर नुस्त्या तीनच पेट्या झाल्यात.

शुक्रवारी तेजाब आनलं. हे सगळं परसात केलं, चिनी मातीच्या बरनीत. आत्याबाईंना ते काम ठावं हुतं, पन हात त्यांनी लावला न्हाय. तुझी पैज, तूच खेळ, म्हनाल्या. ह्यांनी नाकाला फडकं बांधलं, टिकलं बरनीत सोडलं, वरनं तेजाब ओतलं, आन् बया बया, बरनीतनं असा तांबूस पिवळा धूर निघाला की मी पोरगीला घिऊन तिसऱ्या घरापतूर पळालो. दुपारी परत येऊन बघतोय तर टिकलं गडप. एक बी न्हाय. बरनीत नुस्तं निळं-हिरवं पानी, मोरपिसासारखं. मला रडूच आलं, इतक्या दिसांची मेहनत पान्यात विरघळली म्हनून. हे हसाय लागले. अगं, चांदी त्या पान्यातच हाय, म्हनाले, आता ह्यात तांब्याची पट्टी सोडायची, म्हंजे तांबं पान्यात जातं आन् चांदी पट्टीवर येऊन बसती, राखाडी लव धरल्यासारखी. झाडायची, धुवायची, मुशीत घालायची. पट्ट्या घरात न्हवत्या. त्या आनायला हे शनवारी दुपारी तांबट आळीला गेले, आन् जाताना मला म्हनाले, बरनीवर झाकन ठेव, कुनाला हात लावू देऊ नगं.

कुनाला हात लावू दिला न्हाय. पन डोळं कसं अडवायचं? सकाळपासनं बोळातली एक एक बाई कायतरी मागायच्या निमतानं परसात डोकावून गेली. कुनाला ताक पायजे, कुनाला सुई पायजे. एक म्हनाली, काय बाई रंग, पुरं राजाच्या घरचं पानी हाय की तुमच्याकडं. आन् ती गेली आन् माझी पोरगी ठसका लागल्यासारखी खोकाय लागली, दूध पीना, अंग कोमट. मला दुसरं काय सुचंल? दृष्ट लागली. शनवार हुताच.

दोन्ही मुठी भरून खडं मीठ घेतलं, आत मोहऱ्या, पोरीवरनं उतरवलं, आन् ते चुलीत टाकलं. मोहऱ्या तडतडल्या, पोरगी गप झाली. आन् मला वाटलं, पोरीला लागली तशी त्या बरनीला लागली नसंल व्हय? तिला तर सगळ्यांनीच बघितलंय. पुन्यांदा दोन मुठी भरल्या. बरनीचं झाकन काढलं, कारन झाकनावरनं उतरवली तर झाकनाचीच दृष्ट निघंल की. एकावर एक हात घिऊन बरनीवरनं फिरवायला लागलो, आल्याची-गेल्याची, ताकवालीची, सुईवालीची. तिसऱ्या फेऱ्याला बरनीतली वाफ नाकात गेली. असा खोकला आला, असा आला की डोळ्यांनी दिसंना, आन् दोन्ही मुठी सुटल्या.

मीठ बुळुक करून आत गेलं. मोहऱ्या वर तरंगाय लागल्या.

आन् पानी नासलं. खरं सांगतो, दुधात मीठ पडल्यावर दूध फाटतं तसं, माझ्या डोळ्यांदेखत, पांढऱ्या फुटक्या गाठी वरनं खाली, वरनं खाली, बर्फासारख्या, आन् घडीभरात तळाला दही लागल्यासारखा पांढरा थर. 

हे आले. हातात तांब्याच्या पट्ट्या, पुसून लखलखीत केलेल्या. म्या सगळं सांगितलं, मोहऱ्यांसकट.  ह्यांनी पट्टी वरच्या पान्यात सोडली आन् आमी तिघं बघत उभं ऱ्हायलो. पट्टीवर बुडबुडं आलं, लव काय धरली न्हाय. अर्धा घंटा झाला, तरी न्हाय. हे पायरीवर बसले आन् म्हनाले, "सपलं. त्यात आता चांदी न्हाय."

आत्याबाई म्हनाल्या, "माझ्या आईनं केली, म्या केली, दृष्ट काढून कुनाचं घर बुडलेलं म्या ऐकलं नव्हतं. टाक ते गटारीत."

मला वाटलं हे मला मारत्याल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ऐतवारी ते आपली पिशवी भरत हुते, दोन सदरं, एक पंचा, आन् सोमवारी सकाळी पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवून मोटार स्ट्यांडाकडं गेले. पंधरा दीस सपलेच हुते. मी दारात उभा ऱ्हायलो. पलटनीत गेलते तवा बी मी तिथंच उभा हुतो.

बरनी टाकायला मी परसात गेलो. झाकन काढलं, वरचं पानी ओतून दिलं, आन् तळाचा गाळ टाकायला हात उचलला, पन हातच वळंना. आमच्या घरात धुतल्याबिगर टाकत न्हाईत. दुसरं काय बी मनात न्हवतं, खोटं कशाला सांगू, मी काय शानी न्हवतो, नुस्ती सवय. म्या तो गाळ तीन पान्यांनी धुतला, मोहऱ्या येचून काढल्या, आन् पांढऱ्या चिनी थाळीत पसरून उन्हात ठेवला, सुकला की टाकू म्हनून.

भाकरी थापून परत आलो तर गाळ जांभळा झालाता.

पांढऱ्याचा जांभळा. कुनी हात लावला न्हाय, कुनी काय टाकलं न्हाय. आन् त्येच्यावर पांढऱ्या पांढऱ्या टिकल्या. म्या वाकून बघितलं, शेवग्याची पानं पडलीती वरनं, वाऱ्यानं ती हालली तर त्येंच्या खालची जागा पांढरीच्या पांढरी, पानाच्या आकाराची.  शेजारीन भिताडावरनं बघत हुती, ती म्हनाली, भानामती हाय, लिंबू काप. मी लिंबू आनायला आत गेलो, आन् चुलीपाशी उभा ऱ्हाऊन मला एकदम वाटलं, असा रंग म्या बघितलाय.

कुठं? हे पलटनीत जायच्या आदल्या दिशी आमचा फोटो काढलाता, त्यो पुडं पलटनीतच धाडला. दोन बोळं पलीकडं फोटोवाले ऱ्हात्यात, त्यांच्या अंगनात लाकडाच्या चौकटी उन्हात मांडलेल्या असायच्या, आत फोटो उमटायचा कागद. त्यांनी एक चौकट उघडून कागदावर रंग किती चढलाय ते बघितलं, तवा मी मागं उभा हुतो. कागद असाच जांभळा. आन् त्यात एका नवरीचं तोंड पांढरं.

मी थाळीवर पदर टाकला, पोरगीला काखंत मारलं, आन् निघालो. पायात चप्पल न्हाय, डोक्यावर पदर न्हाय, पदर थाळीवर. मागनं आत्याबाई वरडत हुत्या, कुठं चाललीस, भाकरी करपली.

फोटोवाले म्हातारं मानूस, पुन्याकडचं, बोलनं एकदम साळंतल्या बाईंसारखं. त्यांनी थाळी दारातच धरली, चष्मा कपाळावर घेतला, बोटानं थोडं सारखं केलं. वरनं जांभळं हुतं, खालनं पांढरं निघालं. त्यांनी मला इचारलं, हे कुठनं आनलं. म्या सगळं सांगितलं, पेट्या, तेजाब, ताकवाली बाई, दृष्ट, खोकला, दम लागलेला तसंच. ते इतकं हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

"वहिनी, तुम्ही कॅमेऱ्याशिवाय शेवग्याचा फोटो काढलात," ते म्हनाले. "अहो, आमच्या कागदावर हेच लावलेलं असतं. ही चांदीच आहे. तेजाबात मीठ पडलं की चांदी अशीच खाली बसते, आणि सगळीच्या सगळी बसते. वरच्या पाण्यात मालकांना मिळणार कुठून?"

 म्या इचारलं, सगळी? ते म्हनाले, सगळी. म्या परत इचारलं. त्यांनी परत सांगितलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, मुद्दाम हळू हळू. ही चांदी अशी मुशीत घालायची न्हाय, धूर होऊन उडून जाती. हिला आदी जस्ताबरोबर भिजवायची, पान्यात थोडं आंबट घालून, म्हंजे जस्त तिला परत चांदी करतं. ते सवता आपल्या फोटो धुतलेल्या पान्यातली चांदी जस्तानंच काढायचे. जस्त कुठनं आनू म्हनलं, तर म्हनाले ब्याटरीच्या सेलचा वरचा डबा जस्ताचाच असतो. आन् आमच्या परसाच्या कोपऱ्यात ब्याटऱ्यांचा ढीग पडलाता! घान सुटलीया म्हनून आत्याबाई रोज शिव्या देत हुत्या त्याला.

घरला येऊन म्या आत्याबाईंना सांगितलं. त्यांना काय पटलं न्हाय. फोटो काढनाऱ्याला चांदीतलं काय कळतंय, म्हनाल्या, त्येनं कदी परात धरलीया? म्या थाळीतलं चिमूटभर त्यांच्या परातीत टाकलं, वर पानी घातलं, आन् परात त्यांच्या हातात दिली. त्यांनी रागारागानं एक हिसका दिला, परात फिरवली, पानी गेलं. चिमूट तिथंच. परत फिरवली. तिथंच. त्यांच्या हाताचा राग गेला, मला दिसलं, मनगट मऊ झालं. तिसऱ्यांदा त्यांनी परात अशी फिरवली जशी गुजरीच्या केरावर फिरवायच्या, आन् म्हनाल्या, "जड हाय गं ही. माती न्हवं ही."

मग काय इचारू नगा. सासू-सून दोघी ब्याटऱ्यांवर तुटून पडलो. हातोडी घ्यायची, फोडायची, आतला काळा मसाला झाडायचा, जस्ताची डबी धुवायची. दोघींची तोंडं भुतासारखी काळी. पोरगी झोळीतनं बघून हसाय लागली. आंबट काय घालायचं? तेजाबाची बाटली हे कुलपात ठेवून गेलेले. आत्याबाई म्हनाल्या, पैंजण कशानं उजळत्यात? चिंचंनं. घाल चिंच. मडक्यात गाळ, त्यात जस्ताचं तुकडं, वरनं चिंचंचा कोळ. मी दर घडीला झाकन काढून बघायचो, आत्याबाई वरडायच्या, भात हाय व्हय त्यो. दुसऱ्या दिशी दुपारपतूर पांढरं न्हाय, जांभळं न्हाय, सगळं राखाडी, चुलीतल्या राखंसारखं. उरलेलं जस्त येचलं, राख धुतली, धुतली, परत धुतली.

बुधवारी सकाळीच मूस आत्याबाईंनी सवता काढली. मामंजी गेल्यापासनं जी जपून ठेवलीती ती. शेगडी पेटवली, मी भाता धरला. राख मुशीत घातली, वर सवागीची चिमूट, चांदी साफ वितळावी म्हनून सोनार घालत्यात ती. मी भाता मारतोय, मारतोय, हात भरून आलं, आत नुस्ता काळा लगदा फसफसतोय, मला वाटलं न्हाय, हे काय व्हत न्हाय, आमी दोघी येड्या हाय. आन् आत्याबाई म्हनाल्या, थांबू नगंस. आन् मग तो लगदा कडंनं भिजल्यासारखा झाला, गोळा झाला, आन् त्या गोळ्यावरनं एक झळक फिरली, पान्यावरनं चांदनं फिरावं तशी, आन् मुशीत एक गोल थेंब, थरथरनारा, आरसाच.

निवल्यावर आत्याबाईंनी त्यो दगडावर घासला. बराच येळ बघत बसल्या. सोनारांकडं जायची गरज त्यांना नव्हती. म्हनाल्या, "तुझ्या सासऱ्यानं तांब्यावर उभा जल्म काढला. एवढी पांढरी त्येनं बी कदी काढली न्हाय."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हनाल्या, पाया नंतर पड, मोटार चुकंल.

त्यांनीच मला धाडलं. मी जल्मात एकटा मोटारीत बसलो नव्हतो. पोरगी मांडीवर, चांदीचा गोळा पदराच्या गाठीत, गाठ कमरंला, आन् मोटारीतला एकेक मानूस मला चोर दिसाय लागलेला. कंडाक्टरनं पैसं मागितलं तर मला वाटलं त्यो गोळाच मागतोय. इचलकरंजीला उतरलो, तिथनं कबनूरला चालत. ह्यांच्या मामांचं घर इचारायची गरज पडली न्हाय, आवाज येत हुता. खडाखड खडाखड, सगळी जमीन हालत्याली. मामा दारात उभं हुते, मला बघून म्हनाले, "काय पावणं, कोन वारलं?" म्या मान हालवली आन् सरळ आत शिरलो.

आत कापसाची धूळ, आन् आवाज असा की दात वाजायचं. हे मागापाशी उभं हुते, पाठ माझ्याकडं, केसांत पांढरी भुरभुर, दोन दिसात म्हातारं झाल्यासारखं. म्या हाक मारली. ऐकू कुठलं जातंय. मग मी म्होरं होऊन गाठ सोडली आन् गोळा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पहिल्यांदा पोरगीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग हाताकडं. कायतरी इचारलं. मला ऐकू आलं न्हाय, म्या बी कायतरी सांगितलं, त्यांना आलं न्हाय. तोंडंच हालत हुती दोघांची. शेवटी त्यांनी माग थांबवला. बाकीचं तीन चालूच, पन जरा जवळनं ऐकू यायला लागलं.

"कसली ही?"

"पेट्यांतली. आपलीच."

"तांब्यावर बसली?"

"मिठावर," मी म्हनलं. "ती नासली नव्हती. आत्याबाईंनी वितळवली, म्या भाता मारला."

ह्यांनी गोळा ह्या हातातनं त्या हातात घेतला. नखानं खरवडला. डोळं मिटून तोलला. मग तिथंच, मागाच्या लोखंडाला टेकून, खाली बसले आन् माझ्या पायावर हात ठेवला, मामांच्या देखत. मला लाज वाटली, पन मी पाय काढून घेतला न्हाय.

मामा आत आले, माग का थांबला म्हनून. ह्यांनी सांगितलं, मी घरला जातो. मामांनी गोळा बघितला, त्यांना काय ते कळलं, तरी म्हनाले, जा की, पन चढवलेलं बीम सपवून जा, अर्धं कापड मागावर टाकून गेलेला मानूस मला नगं. ते बरोबरच हुतं. ह्यांनी माग चालू केला आन् मी सांजच्या मोटारीनं परत आलो, एकटाच, पन येताना मला एक बी मानूस चोर दिसला न्हाय.

शुक्रवारी दुपारी हे आले, पिशवी खांद्याला, केसांत अजून कापूस. परसात मी आन् आत्याबाई नवी पेटी खोलून बसलोतो. वाडगं निम्मं भरलंतं. ह्यांनी पिशवी भिताडाला टेकवली, आमच्यात मांडी घालून बसले आन् पेचकसाला हात घातला.

आत्याबाईंनी वर बघितलं न्हाय. म्हनाल्या, "पावणं, बसू नगा. आदी बाजारातनं मीठ आना. घरातलं सपलंय."